निळ्या शाईची चिठ्ठी

करुणाने ओवीच्या हातातलं बिस्कीट अर्धं मोडून स्वतःच्या मुठीत ठेवलं आणि चर्चमधल्या पुढच्या बाकांवरची डोकी पुन्हा एकदा मोजली. महिला मंडळाच्या अकराजणी, सगळ्या हजर. पाळकसाहेबांनी आत्ताच सांगितलं होतं, प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस घेण्याआधी थोडा वेळ शांत बसा, ज्याने त्याने आपलं मन तपासा, कुणाशी काही राहिलं असेल तर उठून जा आणि मिटवून या. सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. करुणाचे उघडे होते.

यंदा मंडळात पाळकीणबाईंनी बिस्किटांच्या जुन्या डब्याची पद्धत सुरू केली होती. आपलं दुःख नाव न घालता चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचं, मग प्रत्येकीने एक चिठ्ठी उचलून महिनाभर त्या विषयासाठी घरी प्रार्थना करायची. कुणाला सांगायचं मात्र नाही, नवऱ्यालासुद्धा. करुणाने लिहिलं होतं, 'मुलगी साडेतीन वर्षांची झाली, एक शब्द बोलत नाही.' पंधरा दिवसही झाले नसतील, एकीने चर्चच्या दारातच अडवून माळशिरसच्या कुठल्याशा डॉक्टरांचं नाव सांगितलं. दुसरीने ओवीच्या गालावरून हात फिरवला आणि नुसतं 'प्रभू बघेल' म्हणाली. म्हणजे चिठ्ठी फुटली होती.

तेव्हापासून ती एकेकीला संशयातून वगळत आली होती. एक त्या महिन्यात परगावी होती. एक कुणाशी फारशी बोलतच नसे. वगळता वगळता उरल्या यशोदामावशी. निवृत्त नर्स, समोरच्याचा ताप नजरेनेच मोजणाऱ्या. त्यातून गेल्या दोन प्रभुभोजनांना द्राक्षरसाचा ट्रे त्यांनी हात न लावता पुढे सरकवला होता. मन साफ असलेलं माणूस पेला कशाला सोडेल? करुणाने दोन्ही वेळा घेतला होता.

तिने डोळे मिटून पाहिले. रोजचं वाचन, रोजची प्रार्थना, मंडळातल्या बायकांसारखी चहाडी नाही. एवढ्यावर येऊन डोळे आपोआप उघडले.

यशोदामावशी उठल्या होत्या आणि सरळ मागच्या बाकाकडे येत होत्या. मुठीतल्या बिस्किटाचा भुगा झाला. शेवटी आल्या तर.

"सरक जरा तिकडं," मावशी हळूच म्हणाल्या. बसल्या आणि ओवीला मांडीवर ओढून घेतलं. "ट्रे यायच्या आत बोलायचंय तुझ्याशी."

"ओवीच्या चिठ्ठीचं ना?"

"ती तुझी होती व्हय? मला नाही आली ती." मावशी ओवीच्या पाठीवर थोपटत राहिल्या. "आणि ही बोलत नाही ते कळायला चिठ्ठी कशाला लागते गं? दर रविवारी बघतात की सगळे. तुझं तुलाच वाटतंय लपलंय म्हणून."

करुणाने ओवीचा फ्रॉक उगीचच खाली ओढला.

"माझं दुसरंच आहे," मावशी म्हणाल्या. "माझी चिठ्ठी बाहेर गेली. केमला, सुनेच्या माहेरी. तिथनं फिरून आमच्याच घरात आली. मुलगा आधी माझ्याशी नुसता बोलत नव्हता. आता माझ्या हातचं जेवतपण नाही. म्हणतो, घरातलं चव्हाट्यावर मांडलंस."

पुढे भाकरीची थाळी निघाली होती.

"तेव्हापासून मी एकेकीकडं बघत बसले. हिनं सांगितलं असेल का तिनं. तुझी नणंद केमला दिलेली, म्हणून तुझ्यावर तर लई. असल्या मनानं पेला कसा घ्यायचा? नाही घेतला. आज म्हटलं, बास. ज्यांच्यावर संशय घेतला त्यांची माफी मागून टाकू. तू शेवटची. माफ कर गं पोरी."

जुळे सोलापुरातलं आपलं स्वयंपाकघर करुणाच्या डोळ्यांपुढे आलं. विळीवर गवार, शेजारी डब्यातून तिच्या वाट्याला आलेली चिठ्ठी, ओट्यावर स्पीकरला लावलेला फोन, आणि तिचा स्वतःचाच आवाज. 'आमची ओवी आज ना उद्या बोलेल तरी, वन्सं. इथं एकीचा एवढा घोडा झालेला मुलगा एका घरात राहून आईशी बोलत नाही. दोन वर्षं. ती नर्सबाईच असणार, अक्षरावरून कळतंय.' नणंद हळहळली होती. त्या रात्री करुणाला बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली होती.

थाळी आली. मावशींनी तुकडा घेतला, करुणाने ती तशीच पुढे दिली. मागोमाग ट्रे आला. मावशींनी आज पेला उचलला आणि सगळ्यांसोबत प्यायचा म्हणून हातात धरून ठेवला. करुणाने ट्रे दोन्ही हातांनी घेतला. पेले एकमेकांवर किणकिणले. तिने तो पुढच्या माणसाकडे दिला.

मावशींनी पाहिलं.

करुणाने ओठ उघडले, मिटले, पुन्हा उघडले. मावशींच्या मांडीवरून ओवी तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

"मावशी," ती म्हणाली, "तुमची चिठ्ठी निळ्या शाईत होती."

ओवीच्या पाठीवर थोपटणारा हात थांबला. पण तो तिथून उचलला गेला नाही.