शनिवारचे मामा

२०१७ साल होतं. राजूरच्या आमच्या वाचनालयात शनिवारी शाळा सुटल्यावर मुलांचा गोष्टीचा तास असे, आणि त्या शनिवारी रंगनाथ वाघाचा आवाज काढत होता.

"सर, वाघाला खोकला झालाय का?" लहानग्या ओमनं विचारलं. पोरं हसून लोळायला लागली.

रंगनाथ आमचा ग्रंथपाल. माणूस भारी हौशी. सकाळी म्हाताऱ्यांना पेपर वाचून दाखवायचा, बुधवारी दुपारी मोठ्या बायकांचा लिहिण्या-वाचण्याचा वर्ग भरवायचा. तो वर्ग मी घ्यायची, शाळेतली नोकरी संपल्यावर घरात करमत नव्हतं म्हणून. रंगनाथला सगळं जमायचं, फक्त गोष्ट सांगता येत नसे. पोरं दर शनिवारी थोडी थोडी गळत होती, आणि तास बंद पडेल या काळजीनं तो हवालदिल झाला होता.

"माझी आजी सांगती खरी गोष्ट," दिशा म्हणाली. "वाघ आला की मी गोधडीतच शिरते."

दिशाची आजी म्हणजे आक्काबाई. माझ्या बुधवारच्या वर्गातली. डोंगरात हिरडा वेचायचा, वाळवून बाजारात विकायचा, असा तिचा जन्म गेलेला. दिशा ही तिच्या लेकीची लेक, शाळेसाठी तिच्याकडे राहायची. दिशाला न्यायला ती शनिवारी यायची आणि तास संपेपर्यंत वाचनालयाच्या ओट्यावर बसायची. रंगनाथ लगेच बाहेर गेला.

"आक्का, आत या. आज गोष्ट तुम्ही सांगायची."

"आन दिवसा? न्हाई रं बाबा. दिवसा गोष्ट सांगितली की ऐकणाऱ्या पोरांचा मामा वाट चुकतो."

पोरं हसली. रंगनाथही हसला. "अहो आक्का, आताच्या मामांच्या मोबाईलात नकाशा असतो. तो बोलतो सुद्धा, आता डावीकडं वळा म्हणून!"

मलाही हसू आलं. आक्काबाई मात्र हसली नाही. दिशाचा हात धरून ती चालू लागली.

बुधवारी वर्ग सुटला तरी ती उठेना. बाकीच्या बायका गेल्या. दिशा दारात चपला घालून तिची वाट बघत उभी होती.

"बाई, सर रागावलं का?"

"नाही गं. पण तू तरी एवढं काय मनावर घेतेस? जुन्या माणसांचं बोलणं ते."

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "मला एक भाऊ हुता. भिमाजी. पंचमीच्या सनाला मला माहेरी न्यायला निघाला. माझा कल्याण आन त्याची भन बारकी हुती. मामा कवा येतो, मामा कवा येतो, करून त्यांनी माझा जीव खाल्ला. गप बसावी म्हनून भर दुपारी मी गोष्ट सांगाया घेतली. तिकडनं तो सकाळीच डोंगर उतराया लागल्ता. आलाच न्हाई. दोन्ही गावं हुडकाया गेली. काठी घावली न्हाई, पटका घावला न्हाई."

"श्रावणातलं धुकं, आक्का. पाय घसरला असेल बिचाऱ्याचा."

"आसंल. पर गोष्ट तर मी सांगितली ना?"

मी पाटी बाजूला ठेवून तिच्याजवळ सरकले.

"आता कल्याण दिशाचा मामा हाय," ती म्हणाली. "रोज घाटातनं टेम्पो नेतो. येक मामा घालवला, बाई. दुसरा कसा घालवू?"

मी हे रंगनाथला सांगितलं. त्यानं दोन्ही कान धरले. "पुन्हा नाव काढणार नाही, बाई. तास बंद पडला तर पडू द्या."

पण बुधवारी दारात उभ्या असलेल्या दिशानं सगळं ऐकलं होतं. पुढच्या शनिवारी आल्या आल्या तिनं रंगनाथपुढं हात केला.

"सर, मोबाईल द्या. मामाला फोन लावायचाय."

तिनं आवाज मोठा केला. पलीकडून टेम्पोची घरघर आली.

"मामा, कुठं हायेस?"

"संगमनेरच्या अलीकडं. का गं? आये बरी हाय ना?"

"बरी हाय. तू टेम्पो कडंला लाव. आजी गोष्ट सांगनार हाय. संपंस्तोवर हलायचं न्हाई."

घरघर थांबली. लहानपणीची ती दुपार कल्याणलाही आठवत असणार.

"लावला," तो म्हणाला. "चहाच्या टपरीवर बसतो. आये ऐकती का? आये, सांग तू. मी हितंच हाय."

आक्काबाई ओट्यावरून उठून उंबऱ्याशी आली होती.

मग सगळ्या पोरांना आपापले मामा आठवले. ओमला तीन मामा. दोघं शेतात सापडले, तिसरा सासुरवाडीला जेवत होता. "जेव, पण उठू नको," ओमनं त्याला बजावलं. निकिताचा मामा नगरला कारखान्यात. तो फोन उचलेना. पोरं गप्प बसून राहिली. त्याचा उलटा फोन आला तेव्हा एवढा गलका झाला, की शेजारचा शिंपी काय झालं म्हणून बघायला आला.

"सगळे मामा बसले, आजी," दिशा म्हणाली. "आता सांग."

आक्काबाई आत आली, भिंतीला टेकून बसली. थोडा वेळ दाराबाहेरच्या उन्हाकडे बघत राहिली. मग तिनं गोष्ट सुरू केली, दात पडलेल्या वाघाची. तो रात्री दारोदार हिंडून दुधात कुस्करलेली नाचणीची भाकर मागायचा. वाघ पहिल्या दाराशी आला तेव्हा निकितानं माझा हात घट्ट धरला.

गोष्ट काही संपेना. मध्येच फोन वाजला.

"आये, झाली का? शेठ बोंबलतोय, माल कुठंय म्हनून."

"बस गप," आक्काबाई म्हणाली. "वाघ अजून उपाशी हाय."

तेव्हापासून दर शनिवारी आधी फोन आणि मग गोष्ट, असंच ठरून गेलं. सकाळी पेपर ऐकायला येणारे म्हातारे दुपारीही येऊन बसू लागले. करोनाचा मोठा आजार आला तेव्हा वाचनालयाला कुलूप लागलं. आक्काबाई घरातून फोनवर गोष्ट सांगायची. मामा तर तेव्हा घरातच होते.

रंगनाथ निवृत्त झाला, आता राहुरीला मुलाकडे असतो. नातवापुढे अजून वाघाचा आवाज काढतो म्हणे. ओम यंदा दहावीला आहे. निकिता नगरला नर्सिंग शिकते. दिशा राहुरीला शेतीचं शिक्षण घेते आहे, सुट्टीत आली की शनिवारी गोष्ट तीच सांगते. कल्याणचा टेम्पो अजून घाटातून जातो. भिमाजीचं आजवर काही कळलेलं नाही.

आक्काबाई गेली दोन वर्षांपूर्वी, झोपेतच. आमच्याकडे बाई गेली की तिच्या अंगावर घालायला माहेरचं लुगडं यावं लागतं. तिच्या माहेरी आता कुणी उरलं नव्हतं. बायकांनी आंघोळ घातली आणि लुगड्यापाशी सगळं अडलं. कल्याण बापडा भिंतीला टेकून बसला होता. तेवढ्यात दोन मोटारसायकली आल्या. ओमचे तिघं मामा होते. मागून नगरच्या गाडीनं निकिताचा मामा आला. आक्काबाईला त्यातल्या एकानंही कधी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं.

चौघांच्या हातात चार लुगडी होती. आम्ही चारही तिच्या अंगावर घातली.