स्टार्टशेजारचे तीन आयकॉन

सहामाही परीक्षेला बारा दिवस उरले होते, तेव्हा पितांबरला पहिल्यांदा शंका आली. शिंदखेड्याच्या शाळेत तो लिपिक होता. साल एकोणीसशे नव्याण्णव. शाळेत संगणक येऊन वर्ष झालं होतं आणि पाचवी ते दहावीच्या प्रश्नपत्रिका तोच टाइप करायचा. पेपर फुटला तर पहिलं बोट आपल्याकडे येणार हे त्याला ठाऊक होतं, म्हणून जेवायला जातानाही तो संगणकाच्या खोलीला कुलूप घालायचा.

त्या दिवशी जेवून आला तर पडद्याच्या तळाची पट्टी, ज्याला टास्कबार म्हणतात, ती जाड झालेली. स्टार्टच्या बटणाला लागून तीन मोठाले आयकॉन येऊन बसले होते. एक मराठी टायपिंगचा, एक प्रिंटरचा आणि एक प्रश्नपत्रिकांच्या फोल्डरचा. एरवी स्टार्ट दाबायचं, वर यादीत जायचं, तिथून आडवं सरकत दुसऱ्या यादीत शिरायचं, तेव्हा कुठे टायपिंग उघडायचं. आता एका टिचकीत काम. एवढी घाई कुणाला, असं त्याच्या मनात आलं. ज्याला कुणी यायच्या आत उघडून बंद करायचंय, त्यालाच.

खोलीची दुसरी किल्ली पर्यवेक्षक यशोदाबाईंकडे होती. गणित शिकवायच्या, निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं. त्यांची नात त्याच शाळेत नववीला होती.

पितांबरनं शिपाई भिकुबाईला सहज म्हणून विचारलं. ती झाडता झाडता म्हणाली, "बाई रोज मधली सुटीमा आठे येतस. कवाड लाई लेतस."

दार लावून घेतात म्हटल्यावर त्याला जेवण गोड लागेना. मग त्याला आणखी एक गोष्ट आठवली. बाकीचे शिक्षक पेपर हातानं लिहून द्यायचे. यशोदाबाईंचा पहिला पेपर मात्र यंदा छापूनच आला होता. धुळ्याचा भाचा काढून देतो, असं त्यांनी सांगितलं होतं. पितांबरनं तो कागद खिडकीशी नेऊन उजेडात धरला. प्रत्येक ओळीतल्या अक्षरांना मधोमध बारीक पांढरी रेघ होती. शाळेच्या प्रिंटरची ठिपके उमटवणारी एक पिन मोडली होती, तिथून निघालेल्या प्रत्येक कागदावर तशीच रेघ उमटायची. म्हणजे बाई खोटं बोलल्या होत्या.

तो मुख्याध्यापक चुडामण सरांकडे गेला. सरांना ऐकून वाईट वाटलं, पण त्यांनीही नातीचं नाव लगेच काढलं. कुठे बोलू नका, उद्या मी स्वतः बघतो, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी जेवायला उठण्याआधी पितांबरनं तिन्ही आयकॉन काढून टाकले आणि पट्टी बारीक केली. शोधाशोध करण्यात बाईंचा वेळ जाईल आणि काम उरकायच्या आत त्या सापडतील, असा त्याचा हिशेब होता. मग तो आणि सर मागच्या ओट्यावर खिडकीआड उभे राहिले.

यशोदाबाई आल्या. दार लावून खुर्चीत बसल्या आणि खालच्या पट्टीवर आयकॉन शोधू लागल्या. मग त्यांनी माउस धरला. स्टार्टची यादी उघडली. बाण वर चढला, आडवा सरकताना थरथरला, यादीबाहेर गेला आणि सगळं मिटलं. पुन्हा उघडली, पुन्हा मिटली. चौथ्या वेळी त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट दाबून धरलं. तरी बोटं हलतच होती. पितांबरला मान वळवावीशी वाटली, पण शेजारी सर उभे होते.

ते दोघं आत गेले तेव्हा बाई दचकल्या नाहीत. त्यांनी पितांबरला विचारलं, "तुम्ही काढले?"

तो हो म्हणाला.

मग त्यांनीच सांगितलं. चैत्रापासून उजवा हात कापत होता. त्यांचं अक्षर सगळ्या तालुक्यात नावाजलेलं, आता फळ्यावर नीट वर्तुळ निघत नव्हतं. पेपर हातानं लिहून दिला असता तर पहिल्याच ओळीत कळलं असतं. म्हणून त्या मधल्या सुट्टीत एका एका बोटानं टाइप करायच्या. लहान यादीत बाण ठरत नाही, म्हणून धुळ्याच्या भाच्याकडून मोठे आयकॉन खाली लावायचं शिकून आल्या होत्या. भाच्यानं मदत केली होती ती एवढीच.

"फोल्डरमध्ये माझ्याच पेपरांना हात लावलाय," त्या म्हणाल्या. "हवं तर तपासा."

सर नको नको म्हणाले, पण पितांबरनं तपासलं. इतर फायलींवरच्या तारखा त्यानं स्वतः टाइप केल्याच्या दिवसांच्याच होत्या.

दिवाळीनंतर दहावीचं गणित दुसऱ्या शिक्षकाकडे गेलं. बाईंना त्रास नको म्हणून, असं सरांनी सांगितलं. बाईंनी तशा आदेशावर सही केली आणि पाचवीचा तास घेतला. पितांबरनं आयकॉन फायली तपासल्या त्याच दिवशी परत बसवले होते, आधीपेक्षा नीट ओळीत. माफीही मागितली. त्या ठीक आहे म्हणाल्या आणि दार उघडं ठेवून काम करू लागल्या.

पण माउसला हात लावण्याआधी त्या रोज त्याच्याकडे बघून विचारायच्या, "आज काही बदललंय का?"

तो रोज नाही म्हणायचा. त्यावर त्या पडदा एकदा डावीकडून उजवीकडे नजरेनं तपासायच्या आणि मगच बसायच्या. निवृत्त होईपर्यंत हे चाललं.