निरंक म्हणून परत आलेली फाईल

मी एक फाईल बोलतेय. निळा पुठ्ठा, पांढरी नाडी आणि उजव्या कोपऱ्यावर माव्याचा तपकिरी डाग. डागाचं सांगते, पण जरा दमानं घ्या. फायलींचं एक दुखणं असतं, लोक आम्हाला मधूनच उघडतात आणि मधूनच मिटतात. आज मला पहिल्या पानापासून बोलू द्या.

माझा पुठ्ठा कागलच्या बाजूच्या एका लहानशा कारखान्यात कापला गेला. तिथून मी कोल्हापुरातल्या एका स्टेशनरीच्या दुकानात आले. माझ्या गठ्ठ्यातल्या कितीजणी कोर्टात गेल्या, काही तलाठ्याकडं गेल्या, एक तर लग्नाच्या हॉलवाल्यानं नेली. मला वाटायचं, आपल्याही नशिबी असंच काहीतरी हसतंखेळतं यावं. पण मला घेतलं दत्तोपंतांनी.

दत्तोपंत म्हणजे वरच्या गल्लीच्या तालमीचे अध्यक्ष. तीस वर्षं त्यांनी शाळेत चित्रकला शिकवली, त्यामुळं निम्मी गल्ली त्यांना अजून सरच म्हणते. तालमीत आता कुस्ती नावालाच, सगळा जीव फुटबॉलमध्ये. घरी ते आणि त्यांचा नातू शार्दूल, दोघंच. शार्दूल बारावीला, तालमीच्या संघाचा गोलकीपर. पंतांनी दुकानातून घरी जाताच माझ्यावर वळणदार अक्षरात लिहिलं, 'युवक व्यसनमुक्ती एकजूट, निधी अर्ज'. एवढ्या देखण्या अक्षरात नाव पडल्यावर मी चार दिवस तोऱ्यात होते, खोटं कशाला बोलू?

झालं होतं असं, की एका संस्थेनं निधी जाहीर केला होता. पोरं नशेच्या नादी लागू नयेत म्हणून जिथं मंडळं, शाळा, पालक आणि डॉक्टर एकत्र येतील, तिथं तीन वर्षं पैसे मिळणार होते. एकट्यादुकट्या मंडळाला नाही, एकजूट हवी. पंतांना त्यातून एकच गोष्ट हवी होती. आठवड्यातून दोन दिवस तालमीच्या माडीवर एक समुपदेशक बसावा आणि पोरांनी त्याच्याशी मोकळेपणानं बोलावं.

आता एकजूट म्हणजे खालच्या गल्लीशीही आली. या दोन गल्ल्या फुटबॉलच्या मॅचला मैदानाच्या एका बाजूला बसत नाहीत. तरी खालच्या गल्लीच्या मंडळाचा अध्यक्ष पृथ्वीराज आला, शाळेचे मुख्याध्यापक आले, डॉक्टर आले आणि पालकांच्या वतीनं नजीरा आली. नजीराचं शिवणकामाचं दुकान आहे, दोन्ही संघांचे टी-शर्ट तीच शिवते. लहानपणी ती पंतांच्या हाताखाली शिकलेली.

अर्ज भरता भरता गाडी एका रकान्यावर अडली. 'आपल्या भागात अंदाजे किती मुले व्यसन करतात? प्रत्येक मंडळाने स्वतंत्र आकडा द्यावा.'

"सर, तुम्ही किती लिवलं?" पृथ्वीराजनं विचारलं.

"बारा."

"मग आमची धा लिवा."

"दहा कशी? तुमची गल्ली मोठी. असं असेल तर आमची आठ."

"आठ? मग आमची चार."

पंत खोडत गेले आणि लिहीत गेले. चाराचे दोन झाले, दोनाचा एक झाला आणि शेवटी दोन्ही गल्ल्यांपुढं 'निरंक' लागलं. कोणीच हरलं नाही म्हणून सगळे खूश झाले. चहा आला. कुणीतरी तळहातावर तंबाखूचा मावा चोळला आणि त्यातली चिमूट माझ्यावर सांडली. तोच हा डाग. व्यसनमुक्तीच्या फायलीवर मावा सांडला आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. माणसं अशीच असतात, जे रोज हातात असतं ते त्यांना दिसत नाही.

"सर, निरंक?" नजीरा हळूच म्हणाली.

"नजीरा, बाहेरच्या माणसापुढं घरातलं झाकायचं असतं," पंत म्हणाले. ती गप्प बसली आणि सही करून गेली.

दीड महिन्यानं मी संस्थेकडून परत आले. सोबत पत्र होतं. 'आपल्या भागात एकही मूल व्यसनी नसल्याबद्दल अभिनंदन. निधी गरज असलेल्या भागांना देण्यात येत आहे.' पृथ्वीराजनं ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "म्हंजे जिंकलो का हरलो ओ आपण?"

त्यानंतर वर्षभर मी तालमीच्या लोखंडी कपाटात पडून होते. शेजारी ढाली, हवा गेलेले फुटबॉल आणि एक मोडका पंप. कपाटाची किल्ली पंतांच्या घरी असायची. फुटबॉल काढायला शार्दूल यायचा. आधी रोज यायचा, मग आठवड्यातून एकदा. आणि मग तो फुटबॉल न नेताच जायला लागला. कपाट उघडायचं, माझी नाडी सोडायची, खिशातून नशेच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं काढून माझ्या पानांत सरकवायची आणि कपाट लावायचं. व्यसनमुक्तीची फाईल कोण उघडतंय, हे त्या पोरानं बरोबर ओळखलं होतं. त्याचे हात गार असायचे. मला ओरडावंसं वाटायचं, पण पुठ्ठ्याला कुठला आवाज?

या वर्षी निधी पुन्हा जाहीर झाला. बैठक भरली, पंतांनी मला टेबलावर ठेवलं आणि नाडी सोडली. चकचकीत पाकिटं फरशीपर्यंत सांडली.

किल्ली कुणाकडं असते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पंतांचा चेहरा मला खालून दिसत होता आणि तो बघवत नव्हता. "कुणीतरी खोड काढली असेल," ते पुटपुटले आणि पाकिटं गोळा करू लागले.

नजीरानं त्यांचा हात धरला. "सर, माझा भाऊ चमन गेला, तवा आम्ही गल्लीला कावीळ सांगितली. कावीळ न्हवती. ह्याच गोळ्या हुत्या. खरं सांगितलं असतं तर कुणीतरी धावून आलं असतं की ओ. लोक काय म्हणतील म्हणून आम्ही दार लावून बसलो, आन् त्यो आतच गेला." एवढं बोलून तिनं पदर डोळ्यांना लावला. वर्षापूर्वी ती का गप्प बसली होती, ते मला त्या दिवशी कळलं.

पंतांनी पाकिटं बाजूला सारली. मग त्यांनी पेन उघडलं, रकान्यातलं 'निरंक' खोडून तेरा लिहिलं आणि मोठ्यांदा म्हणाले, "वरची गल्ली. तेरा. मागचे बारा आणि एक माझ्या घरचा."

पृथ्वीराज खाली बघत होता. "आमचं सात लिवा सर. म्हाईत असल्यालं सात हाईत. नसल्यालं देवाला ठावं." त्या संध्याकाळी कुणीही कुणाचा आकडा विचारून आपला कमी केला नाही.

राहिली युवा प्रतिनिधीची सही. पृथ्वीराज म्हणाला, "आदर्शला फोन लावूया. पुण्यात इंजिनीअरिंगला हाय, पोरगं हुशार, सही बी झ्याक करतंय."

"आदर्शला काय म्हाईत हाय?" नजीरा म्हणाली. "ज्येला म्हाईत हाय, त्येला बोलवा की."

पंत मला तिथंच ठेवून घरी गेले. नातवाशी काय बोलले, मला ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी नजीरा दोघांना घेऊन डॉक्टरांकडं गेली, एवढं कानावर आलं. आणि पाचव्या दिवशी शार्दूल तालमीत आला. डोळे खोल गेलेले, अंगाला घाम.

"आबा, माझी सही चालंल व्हय?"

"तुझीच पाहिजे," पंत म्हणाले.

त्यानं पेन धरलं, ते सुटलं. पुन्हा धरलं. पोरांच्या वाकड्या रेषा सरळ करण्यात पंतांची सारी नोकरी गेली, पण त्या क्षणी त्यांनी फक्त कागद हलू नये म्हणून धरून ठेवला.

आता मी निधी देणाऱ्या तुमच्या संस्थेच्या कचेरीत, तुमच्या टेबलावरच्या गठ्ठ्यात खालून तिसरी आहे. माझ्यावर डाग आहे, एका रकान्यात खाडाखोड आहे, जे काय म्हणायचं ते म्हणा. निधी द्यायचा की नाही, तेही तुम्हीच ठरवा. मी फक्त एक मागते. सातव्या पानावरची सही वेडीवाकडी आहे, नाव नीट लागत नाही. तेवढ्यासाठी 'सही अस्पष्ट' असा शेरा मारून मला परत पाठवू नका. गोळ्या सोडून त्या पोराला तेव्हा चारच दिवस झाले होते, आणि ती सही त्यानं एका हातानं दुसरा हात घट्ट धरून केली आहे.