बावीस नंबरचं बॉनेट

लमार प्रुइट गाडी किती जोरात हाकायचा हे खरं सांगितलं तर तुम्ही मला खोटारडा म्हणाल, म्हणून थोडं कमी करून सांगतो. आमच्या कटलर्स गॅपच्या तांबड्या मातीच्या ट्रॅकवर तो वळण घ्यायचा तेव्हा त्याची सावली मागे पडायची आणि पुढच्या फेरीला धापा टाकत गाडीत चढायची. त्याने उडवलेली धूळ शेजारच्या गावात जाऊन पडायची. तिकडचे लोक तिच्यात रताळी लावायचे. पुढे तो मोठ्या शर्यतींत गेला, सगळ्या देशाचा विजेता झाला. ते तुम्ही वर्तमानपत्रात वाचलंच असेल. पण वर्तमानपत्रवाल्यांना हॉइट क्रॅबट्री ठाऊक नाही. मला आहे, कारण तेव्हा ट्रॅकवर झेंडा माझ्या हातात असायचा.

हॉइट दुसरा यायचा. लमार पहिला, हॉइट दुसरा. शनिवार उजाडावा इतकं ते ठरलेलं. मत्सर तसा सगळ्यांनाच असतो, मीठ जेवणात असतं तेवढा. हॉइटने मिठाची गोणीच खाल्ली होती. लमारच्या बायकोचा पीचचा केक जत्रेत पहिला आला, तर हॉइटने आठवडाभर गोड खाल्लं नाही. लमारच्या दारची कोंबडी दोन बलकांचं अंडं घालते असं कुणी म्हटलं, तर हा घरी जाऊन आपल्या कोंबड्यांना शिव्या घालायचा. एकदा तर त्याचा स्वतःचा कुत्रा लमारच्या फाटकापाशी शेपूट हलवताना सापडला. त्या दिवसापासून हॉइट कुत्र्याशी बोलेना.

त्याला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. लमारला एकदा हरवायचं. फक्त एकदा.

आमच्या ट्रॅकचे दोन कायदे होते. दोन्ही म्हाताऱ्या टॉलिव्हरचे, कारण ट्रॅक त्याच्या तंबाखूच्या शेतावर होता. पहिला कायदा असा, की धुळीत माणूस ओळखू येत नाही, तेव्हा दारावरचा आकडा बघायचा. ज्याचा आकडा पुढे, तो जिंकला. दुसरा कायदा इंजिनाचा. शर्यत संपली की दुसऱ्या आलेल्याला हवं असेल तर त्याने जिंकणाऱ्याच्या बॉनेटवर हात ठेवून ‘दे’ म्हणायचं. मग दोघांनी इंजिनांची अदलाबदल करायची. नाही म्हटलं तर जिंकलेलं रद्द. कुणा पैसेवाल्याने महागडं इंजिन आणून बाकीच्यांना धूळ चारू नये, म्हणून ही युक्ती. पण लोक असे विचित्र, की बॉनेटवर हात पडणं हाच मोठा मान होऊन बसला. करंडक काय, कुणालाही देतात. आपलं इंजिन दुसऱ्याला हवंसं वाटलं पाहिजे! हॉइटच्या बॉनेटवर आजवर माश्यांखेरीज कुणी बसलं नव्हतं.

मी सांगतोय त्या हंगामाच्या सुरुवातीलाच हॉइटने लमारच्या बॉनेटवर हात आपटला. “दे!”

लमार उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा खात होता. “घे की,” तो म्हणाला.

त्याचं हे ‘घे की’ हॉइटला सगळ्यात जास्त झोंबायचं. माणसाने निदान थोडं कुरकुरावं की नाही?

पुढच्या शनिवारी लमार हॉइटचं जुनं, खोकणारं इंजिन घेऊन आला आणि जिंकला. हॉइटचा हात पुन्हा बॉनेटवर.

“अरे, हे तुझंच आहे,” लमार म्हणाला.

“माझं होतं तेव्हा असं पळत नव्हतं! काय खायला घातलंस त्याला?”

“शेंगा.”

हॉइटची बायको व्हर्ना कठड्यावरून ओरडली, “अरे शहाण्या, इंजिन बदलतोस कशाला? चालवणारा बदल!”

सगळा उन्हाळा असा गेला. इंजिनं इकडून तिकडे, तिकडून इकडे. शेवटी त्यांना रस्ता इतका पाठ झाला की शर्यत संपली की आपणहून उड्या मारून एकमेकांच्या गाडीत जाऊन बसायची. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

शेवटच्या शर्यतीला एक आठवडा राहिला. जो ती जिंकेल तो हंगामाचा विजेता. त्या शनिवारीही लमारच जिंकला, आणि हॉइटने हात ठेवला. पण बोल्टांचे आटे पार झिजले होते. पाना लावला की नुसते गरगर फिरायचे.

“इंजिन आता निघत नाही,” लमार घाम पुसत म्हणाला. “अख्खी गाडीच घेऊन जा. मी तुझी नेतो.”

हॉइट ती गाडी घरी घेऊन गेला तो नवरी आणल्यासारखा. व्हर्ना रंगाचा डबा घेऊन बाहेर आली. “दारावर बावीस आहे. तुझा नऊ. आधी तो आकडा खोड.”

“हात लावू नकोस! त्याचं नशीब त्या बावीसमध्येच आहे.”

“टॉलिव्हर आकडा बघतो, हॉइट. तोंड बघत नाही.”

“जिंकल्यावर तोंड दाखवीन की मी!”

“दाखव. तुझ्या तोंडात काय कमी आहे,” म्हणत व्हर्ना डबा घेऊन आत गेली.

शेवटची शर्यत. मी झेंडा खाली केला आणि बावीस नंबर सुटला. इतकी वर्षं हॉइट पुढच्या बावीसकडे डोळे लावून चालवायचा. मान वाकडी व्हायची, वळण चुकायचं. आता बावीस त्याच्याच बुडाखाली होता. समोर जळायला कुणी नव्हतं, नुसती माती होती. आणि गडी असा सुटला, असा सुटला, की ट्रॅकशेजारी चरणाऱ्या गाईने त्या संध्याकाळी दूध दिलंच नाही, थेट लोणी दिलं.

लमारने त्याला मुद्दाम जिंकू दिलं असं कुणी म्हणालं तर माझ्याकडे पाठवा. नऊ नंबरच्या स्टिअरिंगवर लमारच्या दातांच्या खुणा उमटल्या होत्या. सगळं पणाला लावूनही तो बॉनेटभर मागे राहिला.

मी झेंडा फडकावला. टॉलिव्हर भोंग्यात ओरडला, “बावीस! हंगामाचा विजेता, लमार प्रुइट!”

लोकांनी टोप्या उडवल्या. हॉइट गाडीतून उतरला; नखशिखांत तांबडा, फक्त डोळे पांढरे. “अरे मी आहे! मी!”

“आकडा बावीस,” टॉलिव्हर म्हणाला. “बावीस प्रुइटचा. लिहून टाकलं.”

लमारने करंडक ढकलला. “याचा आहे हा.”

“कायदा म्हणजे कायदा. तुला नको असेल तर डुकरांना पाणी पाज त्यात.”

हॉइट एका टायरवर मटकन बसला. “व्हर्ना,” तो म्हणाला, “आज मी जिंकलो, आणि त्याचाही मला मत्सर वाटतोय गं.” व्हर्नाने खाली येऊन त्याच्या तोंडावरची धूळ पुसली. रंगाच्या डब्याचं नावही काढलं नाही.

तेवढ्यात लमार चालत आला. आला आणि त्याने बावीस नंबरच्या बॉनेटवर पंजा टेकवला. बॉनेट तव्यासारखं तापलेलं.

“दे,” तो म्हणाला.

टॉलिव्हर भोंगा सोडून धावला. “तू कसा मागतोस? तू जिंकलायस!”

“मी दुसरा आलोय. ज्याने हरवलं त्याच्याकडे मागतोय.”

हॉइट हळूहळू उठला. त्याने लमारचा हात पाहिला, मग बॉनेट पाहिलं, मग पुन्हा हात.

“अं... विचार करू दे.”

“हॉइट, भाजतंय.”

“हलवू नकोस! तिकडच्या टोकाच्या लोकांना दिसलं नाही अजून. आणि माझा कुत्रा कुठाय? त्याला आणा रे कुणीतरी!”

कुत्रा आणला. कुत्र्याने पाहिलं. मग हॉइटने लमारच्या खिशातली एक शेंग काढली, सोलली, तोंडात टाकली आणि म्हणाला, “घे की.”

इंजिन दिलं, गाडी दिली. बॉनेट तेवढं ठेवून घेतलं. लमारच्या पंजाखालचा रंग जळून पाच बोटं उठली होती. ते बॉनेट हॉइटने स्वयंपाकघरात चुलीच्या वर टांगलं.

लमार देशाचा विजेता झाला त्या वर्षी आपला मोठा, चांदीचा करंडक घेऊन गावी आला. व्हर्नाने जेवायला बोलावलं होतं, मीही होतो. हॉइटने करंडकाकडे ढुंकून पाहिलं नाही. लमार मात्र जेवताना पुन्हा पुन्हा वर बघत होता.

“ते बॉनेट देतोस का रे?” शेवटी न राहवून त्याने विचारलं. “हा करंडक ठेव त्याच्या बदल्यात.”

हॉइटने सावकाश पावावर रस्सा ओतला. “दुसरा आलास तर माग,” तो म्हणाला.