ग्वेनच्या वजनाची पोती

"हे कोण?" शेडच्या दारात चालण्याच्या चौकटीवर भार टाकून उभ्या असलेल्या ग्वेनने विचारलं.

गाडीच्या डाव्या सीटवर कोंबड्यांच्या खाद्याची तीन पोती एकावर एक रचून बसवलेली होती. नेविल पॅस्को चौथं, अर्धं पोतं न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर ठेवून आकडा बघत होता. चोरी पकडली गेल्यासारखा तो सरळ उभा राहिला.

"तू," तो म्हणाला. "म्हणजे तुझ्याऐवजी. सदुसष्ट किलो."

"अठ्ठावन्न," ग्वेन म्हणाली. आजारपणापासून तिचे शब्द एकेक करून, वाट शोधत बाहेर येत. हा मात्र लगेच सापडला. "सदुसष्ट... तुझी बहीण."

नेविल हसला, पण ते हसू काही टिकलं नाही.

विमेरा नदीच्या कालव्यांवर चौतीस वर्षं त्याने पाटकऱ्याची नोकरी केली होती. कुणाच्या शेताला किती पाणी गेलं, याच्या मोजमापात त्याने बोटभर चूक होऊ दिली नाही, आणि त्यापायी हॉरशॅममधले निम्मे शेतकरी त्याच्याशी बोलत नसत. नोकरीत पाणी मोजायचा, सुट्टीत गाडी. त्रेसष्ट सालची होल्डन, त्याच्या बापाची. पुढची चाकं दिसायला सरळ दिसली तरी पुढून केसभर आत वळलेली असावी लागतात, नाहीतर टायर एका कडेने झिजतात आणि गाडी भलतीकडे ओढते. गॅरेजात हे काम यंत्रावर अर्ध्या तासात होतं. नेविल मात्र दरवर्षी घरी करायचा. गाडीच्या दोन्ही बाजूंना नायलॉनची दोरी ताणून बांधायची, चाकांखाली ग्रीस लावलेल्या फरशीच्या चकत्या सरकवायच्या, आणि रिमच्या पुढच्या कडेपासून दोरी किती, मागच्या कडेपासून किती, ते फितीने मोजायचं. यात अख्खा दिवस जायचा. त्याला यासारखं सुख दुसरं नव्हतं.

जुन्या पुस्तकात लिहिलं होतं की मोजताना पुढच्या दोन्ही सीटवर माणसांचं वजन हवं. नेविल स्वतः बाहेर गुडघ्यांवर, म्हणून त्याच्या सीटवर पोती आणि ग्वेनच्या सीटवर ग्वेन. तीस वर्षं ती तिथे शब्दकोडं घेऊन बसत आली होती.

"राणीसारखी बसवीन म्हणाला होता," ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. "बसवली की! शेडमध्ये."

मागच्या फेब्रुवारीतही, तिथल्या भर उन्हाळ्यात, बसली होती. बाहेर एकेचाळीस अंश, वर पत्र्याचं छप्पर, रेडिओवर क्रिकेट. पाण्याची बाटली घ्यायला ती जराशी वळली आणि नेविलचं माप गेलं.

"अगं, हलू नकोस ना! पहिल्यापासून करायला लागतंय सगळं."

"मेले तरी हलायचं नाही वाटतं?" ती म्हणाली होती, आणि गप्प बसली होती.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "नेव्ह, हाताला कसंतरीच होतंय रे."

"दोन मिनिटं. हलू नकोस."

रेडिओमुळे त्याला नेमकं आठवतं. तिथपासून सहा ओव्हर झाल्या. मधे तिच्या हातातली पेन्सिल गाडीच्या तळाशी पडल्याचा आवाज आला, तर तो चाकामागूनच ओरडला, "राहू दे, मी देतो उचलून." मग आकडा जमला. तो आनंदाने उठला, खिडकीशी गेला, आणि ग्वेनचं तोंड एका बाजूला ओघळलेलं त्याला दिसलं.

अँब्युलन्सवाल्यांनी विचारलं, कधी झालं? तो म्हणाला, आत्ताच. डॉक्टरांनाही तेच सांगितलं. मुलगी लिनेट धावत आली, गळ्यात पडून म्हणाली, "डॅड, नशीब तू तिथेच होतास." त्या वाक्याने त्याला नऊ महिने जाळलं. एकदा त्याने एका नर्सला सहज विचारल्यासारखं विचारलंही, की पंचवीस मिनिटांनी असा काय फरक पडतो? ती म्हणाली, पडतो कधी, कधी नाही पडत. त्यानंतर त्याने कुणालाच विचारलं नाही. रेडिओही शेडमधून काढून टाकला. गाडी चादरीखाली तशीच उभी होती.

आता येत्या रविवारी नाटिमुकच्या तळ्यावर जेवण होतं. लिनेटच्या गाडीतून जायला ग्वेनने साफ नकार दिला होता. "आपली," एवढंच ती म्हणत राहिली. म्हणून चादर निघाली, दोऱ्या ताणल्या गेल्या. पण तिला त्या सीटवर बसवायची नेविलची छाती होईना. म्हणून ही पोती.

"उतरव," ग्वेन म्हणाली.

"ग्वेन, पोत्यांनी होतंय गं."

"उतरव. माझी... जागा."

त्याने पोती उतरवली. तिला कमरेला धरून बसवलं, उजवा पाय हातांनी उचलून आत घेतला. मग चाकाशी जाऊन तो गुडघ्यांवर बसला, फीत रिमला लावली, आणि तीस वर्षांच्या सवयीने ते दोन शब्द त्याच्या तोंडात आले. तिथेच अडकले. फीत हातातून सुटून सर्रकन गुंडाळली गेली.

"त्या दिवशी तू मला सांगितलं होतंस," तो चाकाकडे बघतच म्हणाला. "हाताचं. मी ऐकलं होतं. मी तुला दोन मिनिटं म्हणालो आणि सहा ओव्हर तसंच बसवलं. पेन्सिल पडली तीही ऐकली. आणि सगळ्यांना सांगितलं की आत्ताच झालं. लिनेटलासुद्धा. लाज वाटली मला, ग्वेन. तू तिथे पडलेली, आणि मला माझी लाज वाटत होती."

पत्रा तापून कडकड वाजत होता.

"माहीत आहे," ग्वेन म्हणाली. "मी... होते ना. तिथे."

त्याला मान वर करवेना.

"ओरडायचं होतं," ती म्हणाली. "शब्द... गेले. मग बसले. हलले नाही."

"नाही हललीस."

"माप... आलं?"

"आलं होतं," नेविल म्हणाला. "इंचाचा आठवा भाग. तंतोतंत."

"गाढव," ग्वेन म्हणाली. हा शब्दही तिला लगेच सापडला. थोडं थांबून, पुढचा शब्द नीट जुळवून ती म्हणाली, "लिनेटला... सांग."

"ती माझं तोंड बघणार नाही."

"सांग. तू. रविवारी."

"बरं. सांगतो."

त्याने बाहीने तोंड पुसलं, फीत पुन्हा ओढली आणि रिमच्या कडेला धरली.

"हलू?" वरून ग्वेनने विचारलं.

"हल," नेविल म्हणाला. "तुला हवं तेवढं हल."

सीटच्या जुन्या स्प्रिंगा कुरकुरल्या. मग पुन्हा कुरकुरल्या. ग्वेन तिच्या चांगल्या बाजूवर जोर देऊन सीटवर झुलत होती, मुद्दाम, आणि गाडी तिच्याबरोबर हलकेच वर-खाली होत होती. नेविल खाली गुडघ्यांवर बसून राहिला. रिम दोरीपासून जवळ येत होती, लांब जात होती, आणि फितीवरचा आकडा काही केल्या ठरत नव्हता.