उतारावरचा ब्रेक

खिंडीच्या माथ्यावर रेंज मिळायची, म्हणून उमसुनाय दर शुक्रवारी नवऱ्याची मोटरसायकल काढून तिथवर जायची. एर्मेक दूर रशियात, याकुत्स्कला इमारतींच्या कामावर होता. जाऊन तीन वर्षं झाली होती. बोलणं ठरलेलं असायचं. मेंढरं बरी आहेत, आईचा गुडघा दुखतो, तिकडे थंडी आहे, ठेवू? मग ती फोन खिशात टाकून थोडा वेळ तशीच उभी राहायची.

त्या शुक्रवारी परत निघाली आणि दोन वळणं उतरते न उतरते तोच गाडी जड झाली. कुणी मागून धरून ठेवावं तशी. जळका वास आला आणि पुढचं चाक गच्च बसलं. वेग कमी होता म्हणून ती पडली नाही. ढकलून पाहिलं, तर गाडी तसूभर हलेना.

मेंढरं घेऊन वर चाललेले कादिरबाय काका घोड्यावरूनच हसले. "काय गं सूनबाई, लोखंडी घोडा रुसला वाटतं? याला गवत दाखव थोडं!"

"तुम्हीच दाखवा काका, तुमचं ऐकेल तो," ती म्हणाली. काका हसत पुढे गेले. ती एकटीच उरली.

फोनमध्ये रेंजची एक काडी अजून होती. तिने एर्मेकला लावला. एका दिवसात दुसरा फोन तिने कधी केला नव्हता.

"काय झालं? आई बरी आहे ना?" त्याचा श्वास लागला होता.

"आई बरी आहे हो. गाडीचं पुढचं चाक अडकलंय."

"ब्रेकच्या डिस्कला हात लावू नकोस, भाजेल. उतारभर ब्रेक दाबून आलीस?"

"मग काय, उडी मारून येऊ?"

तो हसला. कितीतरी दिवसांनी. "अगं, गिअर खालचा ठेवायचा, इंजिनच गाडी धरून ठेवतं. बरं, ब्रेकचा लिव्हर हलवून बघ. थोडा मोकळा हलतो का?"

"अजिबात नाही. मीच घट्ट केलाय. तुमच्या पंजाला जमतं, माझी बोटं थकतात. हात लावला की ब्रेक लागावा म्हणून कालच लिव्हरचा स्क्रू आवळला."

तो हळूच म्हणाला, "तुझा हात केवढासा आहे, विसरलोच होतो मी."

तिने हातमोजा काढून उगाच आपल्या बोटांकडे पाहिलं.

"ऐक," तो सावरून म्हणाला, "लिव्हरला मोकळीक नसली की ब्रेकचं ऑइल मागे जाऊ शकत नाही. ब्रेक तापतो, ऑइल फुगतं आणि आपोआप दाबत राहतं. गाडी निवू दे, मग स्क्रू सैल कर."

डिस्क निवेपर्यंत दोघं बोलत राहिली. त्याने सांगितलं, ऑइल दरवर्षी बदलून घे, डिस्क आवळणाऱ्या कॅलिपरमधली धूळ साफ कर, वर्षानुवर्षं तसंच राहिलं की तेही अडकतं. मधेच त्याने विचारलं, अंगणातलं जर्दाळू फुललं का? तिने सांगितलं, फुललं होतं, गारपिटीने झोडपलं.

मग गाडीच्या सामानातला पाना लावून तिने स्क्रू सैल केला. लिव्हर किंचित डुलला. चाक हलकेच सुटलं.

"सुटलं का?"

"नाही अजून," ती म्हणाली.

"मग काय झालं असेल..." तो पुन्हा पहिल्यापासून सांगू लागला, सावकाश, लहान मुलाला शिकवावं तसा. गाडी मधल्या स्टँडवर मागे कलवून ती पुढचं चाक बोटाने फिरवत ऐकत राहिली.

"उमसुनाय," तो मधेच थांबला, "चाक फिरतंय. मला इथे ऐकू येतंय."

तिने चाक बोटाने थांबवलं. "मग सांगायचं थांबवा ना."

"नाही थांबवत," तो म्हणाला. पण तिकडून मुकादमाने त्याला हाक मारली, दोनदा, आणि त्याला जावं लागलं.

तिने गाडी खालच्या गिअरात टाकली. ब्रेकला हात न लावता, इंजिनचा घरघराट ऐकत, ती हळूहळू उतरत गेली.