वीस मिनिटं पुढे

माझ्या खेळात मारामारी नाही, गाड्या नाहीत. एक घर आहे, त्यात माणसं आहेत आणि थोडं बोलणं झालं की एक कोडं. कोडं सुटलं की दार उघडतं आणि पलीकडचा माणूस बोलायला लागतो. असले खेळ मी कॉलेजपासून खेळतेय. लोक विचारतात, यात मजा काय? मजा ही, की यातली माणसं थांबतात. तुम्ही बोट लावेपर्यंत पुढचं वाक्य बोलत नाहीत. चुकलात तर चिडत नाहीत, नुसतं ‘पुन्हा बघ’ म्हणतात. आचोळ्याच्या फ्लॅटमध्ये दिवसभर कंपनीचं काम करत एकटी बसणाऱ्या बाईला आणखी काय पाहिजे? पाहिजे असतं. मिळत नाही म्हणून तर खेळ.

हा खेळ मात्र मीच बनवला. दीड वर्ष खपले. चित्रं माझ्या मैत्रिणीने, पापडीच्या स्टेफीने काढली. घर आमचंच, वटारचं. मागे मोगऱ्याची वाडी, आणि शेवटच्या दाराआड स्वयंपाकघरात आई बसलेली. खरी आई दोन वर्षांपूर्वी गेली.

आधीची कोडी मी चांगलीच अवघड केली होती. आईच्या दारावरचं तेवढं सोपं ठेवलं. भिंतीवर घड्याळ, त्यात पाच दहा झालेत. प्रश्न एकच: आत्ता किती वाजलेत?

खेळणाऱ्यांची नावं मला कळत नाहीत, नंबर कळतो. कोण कुठल्या दाराशी काय लिहून चुकलं, तेही दिसतं. शंभरेक जण खेळले. तिथवर पोचलेल्या सगळ्यांनी पाच दहा लिहिलं. एकट्या एक्केचाळीस नंबरने लिहिलं, चार पन्नास.

मी चहा खाली ठेवला. पाच दहा वाजलेलं घड्याळ बघून चार पन्नास म्हणणारी या जगात तीनच माणसं. एक गेली, एक मी.

आमच्या घरचं घड्याळ आईने कायम वीस मिनिटं पुढे ठेवलेलं. दादरला फुलं नेणारा टेम्पो पहाटे साडेपाचला फाट्यावर यायचा आणि कुणासाठी थांबायचा नाही. बाबा घड्याळ बघून धडपडायचे, आणि आई म्हणायची, “घाई नको. अजून वीस मिनटं हायेत.” सगळ्यांना ठाऊक, तरी रोज तेच. घड्याळ बघायचं आणि मनात वीस वजा करायचे. मला शाळेतसुद्धा ही सवय सुटत नव्हती.

आईच्या बाराव्यानंतर मी स्टुलावर चढून ते घड्याळ बरोबर केलं. का केलं? काहीतरी नीट करावंसं वाटलं म्हणून. बाबा वाडीतून आले, बघितलं आणि भडकले. “कोनी सांगितलं हात लावायला?” मीही काही कमी नाही. म्हटलं, “आई गेली. आता कुणाला फसवायचंय?” ते म्हणाले, “तुजं घर आता तिकडं. हितं ढवळू नको.” मी पिशवी उचलली. त्यानंतर ना त्यांचा फोन आला, ना मी केला. आणि खेळात मी घड्याळ मुद्दाम बरोबर ठेवलं. निदान तिथे तरी भांडण मला जिंकायचं होतं.

स्टेफीला फोन लावला. चर्चसाठी ती अजून बाबांकडूनच फुलं नेते.

“हां, मीच टाकला त्यांच्या मोबाईलमध्ये,” ती म्हणाली. “ओरडू नको. जेवून झालं की घेऊन बसतात. बाकीची कोडी महिनाभर झगडून सोडवली त्यांनी, माहितेय?”

दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता मी पडद्यासमोर. एक वीसला एक्केचाळीस आला. चार पन्नास. चूक. पुन्हा चार पन्नास. मी खेळात सूचना घातली: ‘हे घड्याळ बरोबर आहे.’ पुढच्या दुपारी पुन्हा चार पन्नासच! असा राग आला. माझ्या खेळात, माझ्या घरात, माझं ऐकायला नको! पण राग किती वेळ पुरणार? अकरा दुपारी तो माणूस त्या दाराशी येत होता. कंटाळून एक दिवस येणार नाही, मग काय करशील, जागृती? आई पलीकडे बसलीय आणि तू त्याला घड्याळ शिकवतेस. मला बाबा पलीकडे पोचायला हवे होते. तेवढंच हवं होतं.

बाराव्या दिवशी सकाळी मी उत्तर बदललं. चार पन्नास बरोबर, पाच दहा चूक. आईच्या तोंडचं पहिलं वाक्यही बदललं. जगातले बाकीचे खेळणारे गेले खड्ड्यात.

एक वीसला एक्केचाळीस आला. त्याने लिहिलं, पाच दहा.

‘चूक. पुन्हा बघ.’

मी वाट बघितली. त्याने पुन्हा लिहिलं नाही. खेळ बंद झाला.

ज्या दिवशी मी हरायचं ठरवलं, त्याच दिवशी त्यांनीही. आणि माझ्या दाराने त्यांना हाकललं. मी चपला अडकवल्या. रिक्षावाल्याला वटार म्हटलं आणि पूल ओलांडेपर्यंत रडत होते.

बाबा ओट्यावर बसले होते. वाळलेत. मोबाईल मांडीवर पालथा. मला बघून उठले नाहीत.

“तू सांगतेस तसं लिवलं,” ते म्हणाले. “तरी चूक म्हनते.”

“माझं चुकलं, बाबा.”

मी शेजारी बसले. मोबाईल घेतला, चार पन्नास लिहिलं. दार उघडलं. चुलीपाशी आई. खाली अक्षरं आली. चष्मा आत राहिला होता, म्हणून त्यांनी मोबाईल माझ्याकडे सरकवला.

“वाच.”

मी वाचलं. “घाई नको. अजून वीस मिनटं हायेत.”

ओट्यावरून घरातलं भिंतीवरचं घड्याळ मला दिसत होतं. दोन दहा झाले होते त्यात. मी वीस वजा केले.

“परत वाच,” बाबा म्हणाले.